हंसीण उठली तेव्हा

ईदच्या सुट्टीत जनाबियातल्या त्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून अश्विनी एकटीच उरली होती. बाकीचे दोघे आपापल्या देशी गेले होते. माणसं सुट्टीवर गेली म्हणून मांजरांची गळवं फुटायची थांबत नाहीत, की कुत्र्यांना ऊन लागायचं थांबत नाही. त्या दुपारी शेवटचा पेशंट गेला तेव्हा ती सकाळपासून एकदाही बसली नव्हती. हात धुऊन झाल्यावर थोडा वेळ मनगटं गार पाण्याखाली धरावीत असं तिला वाटलं, पण मे महिन्यात बहरीनच्या नळाला गार पाणी येतच नाही. तिने टॉवेल घेतला, दिवे मालवले, आणि फोन वाजला.

तो उचलू नये असं एक क्षण तिच्या मनात येऊन गेलं.

"डॉक्टर, मैं हुस्ना," पलीकडून आवाज आला. "मेरे बाजूवाला चिड़िया लोग आवाज नहीं करता. कल से खलास, एकदम चुप."

हुस्ना ही शाळेतून निवृत्त झालेली बहरिनी बाई, तिच्या दोन मांजरांमुळे ओळखीची. तिचं हिंदी घरकामाच्या बायकांकडून आणि वाण्याकडून शिकलेलं, पण ती उगाच फोन करणारी नव्हती. तिच्या शेजारचा व्हिला नजीबचा. नजीबला पक्ष्यांचा नाद होता. मागच्या अंगणात त्याने मुनियांचा जाळीचा पिंजरा, जातिवंत कबुतरांची दोन मोठी खुराडी आणि एक लहानसं तळं करून घेतलं होतं. नजीब ईदला बायकामुलांना घेऊन जॉर्जियाला गेला होता, हे अश्विनीला ठाऊक होतं.

"पण गुंडूकाका आहेत ना तिथे?" ती म्हणाली.

"गुंडू मफी. दरवाजा ठोका, कोई नहीं."

गुंडूकाका म्हणजे नजीबच्या पक्ष्यांचं सगळं बघणारा माणूस. कुडाळच्या खालच्या अंगाच्या एका गावचा, साठीला आलेला. व्हिलाच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. कबुतरांच्या जंताचं औषध न्यायला दवाखान्यात आले की अश्विनीशी हक्काने मालवणीत बोलायचे. ती कराडची, तिला निम्मं कळायचं, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. एकदा आजारी कबुतर मांडीवर घेऊन ते सबंध दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले होते. असा माणूस पक्ष्यांना सोडून जाईल कुठे?

अश्विनीने दिवे पुन्हा लावले, सलाइनच्या बाटल्या, सिरिंजा आणि नळ्या पिशवीत भरल्या, आणि निघाली.

हुस्नाकडे मागच्या फाटकाची किल्ली होती. फाटक उघडल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास. मुनियांच्या पिंजऱ्यातली पाण्याची भांडी हाताने भरायची होती. ती कोरडी ठणठणीत होती. खाली वाळूवर मुनिया पडल्या होत्या, वाळल्या पानांसारख्या, सगळ्याच्या सगळ्या. अश्विनीने जाळीतून एकदा पाहिलं आणि मान फिरवली. एवढ्याशा जिवाच्या अंगात चरबी ती किती? रात्र काढायला पुरते, सकाळी दाणा मिळाला नाही तर दुसरी रात्र काढणं जड जातं. त्यात हे ऊन आणि पाणी नाही. त्या पहिल्याच दोनेक दिवसांत गेल्या असणार.

कबुतरं मात्र जिवंत होती. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून ती फळ्यांवर बसली होती. माणूस आत आला तरी एकही उडालं नाही. खाली विष्ठा होती ती नुसती हिरवी, पातळ. पोटात अन्न नसलं की पित्तच तेवढं बाहेर पडतं. अश्विनीने एक कबुतर उचललं. हातात कागदाचा पुडा धरावा तसं लागलं. छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं.

पहिल्या खुराड्यात टाकीला फ्लोट होता, पाणी आपोआप भरत होतं. दुसऱ्या खुराड्यातला फ्लोट अडकला होता आणि टाकीच्या तळाशी नुसता शेवाळाचा थर होता. उपास दोन्हीकडे सारखाच, पण दुसऱ्या खुराड्यातली कबुतरं जास्त खंगली होती.

"ऐसा क्यों?" हुस्नाने विचारलं. तिने अबायाची बाही नाकाला लावली होती.

"यांच्या शरीरात चरबी जळते तेव्हा थोडं पाणी तयार होतं," अश्विनी हिंदीत सांगू लागली. बोलताबोलता ती एकेकाची छाती चाचपत होती. "पण तेवढं पुरलं नाही तर ते अंगचं मांस जाळायला लागतात. मांसात पाणी जास्त असतं ना. म्हणजे तहान भागवायला स्वतःचीच छाती खातात."

हुस्नाने बाही नाकावरून खाली घेतली. मग हळूच म्हणाली, "डॉक्टर, मैं सुबह उधर दाना डाला." तिने आपल्या कुंपणाला लागून असलेल्या पहिल्या खुराड्याकडे बोट केलं. "जाली में से. बहुत खाया. इतना जल्दी-जल्दी खाया!"

अश्विनीचे हात थांबले. जाळीपाशी बाजरी आणि मक्याचे दाणे सांडलेले तिला आता दिसले. तिने जवळच्या कबुतराच्या गळ्याखाली बोट लावलं. गळ्यातली पिशवी टच्च भरलेली होती, दगडासारखी.

उपाशी पक्ष्याला आधी ऊब, मग पाणी, मग अगदी पातळ अन्न, आणि दाणा सर्वांत शेवटी. इतके दिवस बंद पडलेलं पोट एकदम भरलं तर दाणा पुढे सरकत नाही, तिथेच आंबतो, आणि रक्तातले क्षार असे काही उलटेपालटे होतात की वाचत आलेला जीवसुद्धा जातो. हे सगळं हुस्नाला आत्ता सांगून काय होणार होतं? ती एवढंच म्हणाली, "आता काही देऊ नका. मी बघते."

तळ्याच्या काठाला, बदामाच्या झाडाखाली, पांढरी हंसीण बसली होती. खरं तर ती 'गूज', बदकापेक्षा मोठा पाळीव पक्षी, पण गुंडूकाका तिला हंसीणच म्हणायचे म्हणून सगळे तसंच म्हणत. तिच्या खाली अंडी होती. अश्विनी जवळ गेल्यावर ती मान लांबवून फुसकारली, पण तो फुसकाराही दमलेला होता.

"इसको कुछ नहीं हुआ?" हुस्नाने विचारलं.

"हिचा उपास जुनाच असेल. अंड्यांवर बसायच्या आधी या भरपूर खाऊन घेतात. बसल्यावर फार थोडं खातात, त्या साठ्यावर काढतात. चरबी आहे तोवर बसेल." अश्विनीने पाण्याचं भांडं आणि ओला कोंडा तिच्या चोचीजवळ सरकवला. हंसिणीने त्याकडे पाहिलंही नाही.

तेवढ्यात नजीबचा व्हिडिओ कॉल आला. हुस्नाने त्याला कळवलं होतं. पडद्यावर त्याच्या मागे हिरवा डोंगर आणि लाल छपरांची घरं दिसत होती. अश्विनीने फोन पिंजऱ्यांसमोरून फिरवला. मग तो चढ्या आवाजात इंग्रजीत बोलू लागला.

"तो पळाला, डॉक्टर. मी रोज फोन करतोय, उचलत नाही. मला वाटलं ईद आहे, मित्रांकडे गेला असेल. वीस वर्षं मी त्याला घरच्यासारखं ठेवलं आणि हा माणूस…"

"नजीबभाई, ते नंतर," अश्विनी म्हणाली. "आत्ता मला खोकी हवी आहेत आणि जी जगण्यासारखी आहेत ती न्यायची आहेत."

जगण्यासारखी निवडायची म्हणजे बाकीची सोडायची. ते काम तिने एकटीने केलं. हुस्ना घरातून पुठ्ठ्याची खोकी घेऊन आली, त्यांना भोकं पाडून दिली, आणि गाडीत ठेवू लागली. अश्विनीने गाडी सुरू केली आणि एसी बंद केला.

"डॉक्टर, तुम मर जाएगा!"

"यांच्या अंगात जाळायला आता काही शिल्लक नाही. गार हवेत ही पाच मिनिटं टिकायची नाहीत."

काचा थोड्या खाली करून ती दवाखान्याकडे निघाली. घाम डोळ्यांत उतरत होता, स्टिअरिंगला हात चिकटत होता, आणि मागच्या खोक्यांमधून नखं पुठ्ठ्यावर घासल्याचा आवाज येत होता. एका सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या मुलीने काच खाली करून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा वर केली.

दवाखान्यात तिने एक खोली गरम करून घेतली. एकेका कबुतराला कातडीखाली सलाइन टोचलं, मग नळीने साखरमिठाचं कोमट पाणी थेट घशातून खाली सोडलं. शेवटचं होईतो पहिल्याची पुन्हा वेळ झालेली असायची. दुसऱ्या खुराड्यातली, जास्त खंगलेली कबुतरं संध्याकाळी थोडी सावध झाली. एकाने मान झाडली. पहिल्या खुराड्यातली, जी खरं तर सहज वाचायला हवी होती, ती एकेक करून माना टाकू लागली. अश्विनीने त्यांच्या गळ्याची पिशवी कोमट पाण्याने धुऊन काढायचा प्रयत्न केला. काहींची रिकामी झाली. काहींच्या बाबतीत उपयोग झाला नाही.

माहूजच्या घरून तिचा नवरा शिरीष डबा घेऊन आला. तो बँकेत अकाउंटंट. पक्षी हा प्राणी त्याला लांबूनच बरा. त्याने दारातून आत डोकावलं.

"खाऊन घे ना दोन घास."

"ठेव तिथे."

"तू सकाळीही काही खाल्लं नाहीस."

"शिरीष, ठेव म्हटलं ना."

तो डबा ठेवून बाकावर बसला आणि तिच्यासाठी तासभर थांबला. तिला वाईट वाटलं, पण तसं सांगायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा व्हिलात गेली तेव्हा हुस्ना आधीच अंगणात उभी होती. "डॉक्टर, देखो, अम्मा छोड़ के गया," ती म्हणाली. तिचा आवाज दुखावलेला होता.

हंसीण घरट्यावर नव्हती. ती कोंड्याच्या भांड्यापाशी उभी राहून हावरटासारखी खात होती. बदामाखाली अंडी उघडी पडली होती. अश्विनीने एक हातात घेतलं. इतक्या उन्हातही ते सावलीत गारठलेलं होतं. निदान तिला तसं वाटलं.

"कैसा माँ है ये?"

अश्विनी तिथेच कठड्यावर टेकली. "चरबी होती तोवर बसली, हुस्नाबाई. चरबी संपली की शरीर आपलंच मांस काढायला लागतं. मग आतून काहीतरी सांगतं, ऊठ. तिने काही विचार केला नाही. बसून राहिली असती तर तीही गेली असती, अंडीही गेली असती. पुढच्या वर्षी पुन्हा घालेल."

हुस्नाने मान हलवली. तिला पटलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "और वो कबूतर? मेरा दाना वाला?"

खोटं बोलावं असं अश्विनीच्या मनात आलं. पण खोटं रचायलाही डोकं लागतं. "बरीच गेली," ती म्हणाली. "दाण्यानेच. पण तुम्ही फोन केला नसता तर एकही उरलं नसतं. हेही तेवढंच खरं आहे."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. "यल्ला," ती शेवटी म्हणाली, "बोलो, क्या काम करना है." आणि त्या दिवसापासून ती रोज दवाखान्यात येऊन बसली, पाणी कोमट करायला आणि सिरिंजा धुवायला.

व्हिलातून निघताना अश्विनीने गुंडूकाकांच्या खोलीचं दार ढकलून पाहिलं. ते उघडंच होतं. दोरीवर बनियन वाळत घातलेला, कोपऱ्यात गॅसवर भाताचं पातेलं, त्याला बुरशी आलेली. आणि उशीवर, चार्जिंगला लावलेला फोन. पळून जाणारा माणूस फोन मागे ठेवून जात नाही. पडद्यावर नजीबचे कॉल दिसत होते, आणि त्याहून जास्त वेळा आलेला एक इथलाच लँडलाइन नंबर. तिने आपल्या फोनवरून तो फिरवला.

"मेल मेडिकल वॉर्ड," पलीकडून बाई म्हणाली.

झालं होतं ते असं. पाच-सहा दिवसांपूर्वी गुंडूकाका भर दुपारी चालत जाताना रस्त्यातच कोसळले होते. कुणीतरी अॅम्ब्युलन्स बोलावली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी घरचा नंबर म्हणून जो सांगितला तो स्वतःचाच, तेवढाच त्यांना पाठ. हॉस्पिटलवाले तो लावत होते आणि तो रिकाम्या खोलीत उशीवर वाजत होता. मालक म्हणून नोंदीत असलेला नजीबचा इथला नंबर परदेशात बंद होता, तो इंटरनेटवरून फोन करत होता.

वॉर्डातली नर्स अजरा केरळची होती. "तुम्ही त्यांच्या नात्यातल्या?" तिने इंग्रजीत विचारलं. "सारखे पाखरां, पाखरां म्हणतात. मला वाटलं, बायकोचं नाव असेल."

खिडकीकडच्या खाटेवर गुंडूकाका पडले होते. उन्हाने मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता, हाताला सलाइन होतं, गालफडं बसली होती. अश्विनीला पाहून त्यांनी उठायची धडपड केली.

"डाक्टरीणबाय! पाखरांका कोणी दाणे घातल्यानी काय गो?"

"पडून राहा, काका. घातले. पण उशीर झाला."

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "दुकानार बर्फ हाडूक गेललंय. तेंच्या पाण्यात घालूक. थंयच चक्कर इली." मग थोडं थांबून, "मुनिया?"

"एकही नाही, काका."

त्यांनी डोळे मिटले. "ती बारकी. तेंका कळ काढूक येना नाय."

"कबुतरं निम्मी वाचतील. जास्तच."

"आणि हंसीण? ती अंड्यांर बसलली."

"आज उठली. अंडी गेली."

बाजूच्या खाटेवरचा माणूस खोकला, नर्सने पडदा ओढला.

"पण जगली मां?"

"जगली. मी निघाले तेव्हा पाण्यात उतरत होती."

"मग बरा झाला," ते म्हणाले. "अंडी काय, परत घालीत." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते, म्हणून अश्विनीने फक्त त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि स्टुलावर बसून राहिली. तिला तिथेच डुलकी लागली. अजराने तिला हलवलं तेव्हा भेटीची वेळ संपली होती आणि काका तिच्याकडेच बघत होते.

नजीब विमानतळावरून थेट हॉस्पिटलमध्ये आला. अश्विनी त्या वेळी काकांसाठी भाताची पेज घेऊन आलेली होती. तो खाटेशी उभा राहिला, मग त्याने वाकून काकांच्या कपाळाला ओठ लावले.

"गुंडू, मैं गलत बोला," तो म्हणाला. "सब को बोला, भाग गया."

"तुमको क्या मालूम, बाबा."

"अभी तुम काम नहीं करना. मैं दूसरा आदमी रखेगा, तुम सिर्फ देखना. बैठ के."

काकांनी चमचाभर पेज तोंडात घेतली, सावकाश गिळली. "नाही बाबा," ते म्हणाले. "हम अभी घर जाएगा."

नजीबने पुष्कळ समजावलं. काका ऐकून घेत होते, मान डोलवत होते, आणि शेवटी तेच म्हणत होते. रागावून नाही, रुसूनही नाही. नजीबच्या ते लक्षात यायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "इंशाल्ला," आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

काका चालायला लागल्यावर, जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात आले. शर्ट अंगावर लोंबत होता. नव्या माणसाला त्यांनी सगळं दाखवलं होतं: कुठलं कबुतर भांडखोर, फ्लोट कसा अडकतो, हंसीण कुणाला चावते. वाचलेली कबुतरं परत आपल्या खुराड्यात गेली होती. उडायला अजून वेळ होता, पण फळीवरून फळीवर जात होती.

अश्विनीने बाहेरच्या बाकावर त्यांच्यासोबत चहा घेतला.

"तुमी कधी जातलात गावाक?" काकांनी विचारलं.

"बघू."

"बघू बघू म्हणान माजो झील बाप झालो," ते मुलाबद्दल म्हणाले आणि कप खाली ठेवून उठले. ती त्यांच्या पाया पडायला वाकल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि चपला ओढत रस्त्याच्या कडेच्या सावलीतून चालत गेले.

संध्याकाळी दवाखाना बंद करून अश्विनी गाडीत बसली. एसी पूर्ण मोठा केला, तरी गाडी सुरू करावी असं तिला वाटेना. तिने शिरीषला फोन लावला.

"कराडला जाऊन यावं म्हणते. आईकडे. तिकीट बघशील?"

"सुट्टी मिळेल तुला?"

"विचारलं नाही अजून," ती म्हणाली. "जातेय, एवढंच सांगणार आहे."